रूट कॅनाल झालेल्या दाताचे ब्लीचिंग आणि त्यानंतरच्या फिलिंगचे सील

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वरच्या जबड्यातील मधल्या दाताला लहानपणी मार लागला, पुढे त्याचे रूट कॅनाल झाले आणि हळूहळू तो काळपट पडला. आता दोन वेळा आतून ब्लीचिंग केल्यावर त्याचा रंग शेजारच्या दाताशी जुळला आहे. रुग्ण २४ वर्षांची आहे, लग्न तीन आठवड्यांवर आले आहे, आणि आजच दातात कायमचे सिमेंट भरून उपचार संपवावेत असा घरच्यांचा आग्रह आहे. ब्लीचिंगमुळे नंतरच्या फिलिंगचे सील बिघडते का, आणि बिघडत असल्यास किती दिवस थांबावे, असे आपण विचारले आहे.

सील बिघडते, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. मात्र हा बिघाड कायमचा नसतो. ब्लीच काढल्यानंतर लगेच भरलेल्या कॉम्पोझिटची (दाताच्या रंगाच्या रेझिन फिलिंगची) इनॅमलवरील (दाताच्या बाहेरील कठीण आवरणावरील) आणि डेंटीनवरील (त्याखालच्या थरावरील) पकड कमी असते आणि कडेने गळती होण्याची शक्यता वाढते. हेच कॉम्पोझिट दोन ते तीन आठवड्यांनी भरले तर पकड बहुतांशी पूर्ववत मिळते. म्हणून माझे मत असे आहे की ब्लीचिंग संपल्यानंतरचा पंधरवडा उपचाराचाच एक टप्पा समजावा आणि पहिल्याच भेटीत रुग्णाला तसे सांगावे. या पंधरवड्यात दात तात्पुरत्या फिलिंगवर अवलंबून असतो, त्यामुळे ते फिलिंग आणि त्याखालचा, ब्लीचला मुळाकडे जाऊ न देणारा अडथळ्याचा थर या दोन्हींकडे कायमच्या फिलिंगइतकेच लक्ष द्यावे लागते.

पकड का कमी होते, हे कारणासह समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. सोडियम परबोरेट हे ब्लीच पाण्यात कालवून दातात ठेवण्याची पद्धत १९६१ साली प्रसिद्ध झाली, आणि काही वर्षांतच पाण्याऐवजी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड वापरण्याची प्रथा आली. परबोरेट ओलाव्यात विघटित होते तेव्हा सोडियम मेटाबोरेट, हायड्रोजन पेरॉक्साईड आणि ऑक्सिजन तयार होतात. कार्बामाईड पेरॉक्साईडमधूनही शेवटी हायड्रोजन पेरॉक्साईडच मिळते. १० टक्के कार्बामाईड पेरॉक्साईड म्हणजे सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड. पदार्थ कोणताही घेतला तरी डाग फिका करण्याचे काम ऑक्सिडेशननेच होते, आणि काम संपल्यावरही पेरॉक्साईड व ऑक्सिजन डेंटीनच्या सूक्ष्म नलिकांत आणि इनॅमलच्या छिद्रांत काही काळ राहतात.

कॉम्पोझिट आणि ते दाताला चिकटवणारा बाँडिंग एजंट घट्ट होतात ते मुक्त मूलकांच्या (फ्री रॅडिकल्सच्या) साखळी प्रक्रियेमुळे. ऑक्सिजन या मूलकांशी संयोग पावतो आणि साखळी मध्येच तोडतो. कॉम्पोझिटचा थर प्रकाशाने घट्ट केल्यावर पृष्ठभागावर जो चिकट पापुद्रा राहतो, तो हवेतील ऑक्सिजनने केलेल्या अशाच अडथळ्याचा परिणाम असतो. वर आणखी थर येणार असल्यामुळे तेथे त्याचा त्रास होत नाही. ब्लीच केलेल्या दातात मात्र हाच प्रकार बाँडिंग आणि दात यांच्या सांध्यावर घडतो, जेथे एकही अर्धवट घट्ट झालेला थर चालत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा दातांमध्ये रेझिनची इनॅमलमध्ये शिरलेली टोके संख्येने कमी, आखूड आणि सच्छिद्र दिसतात. शिवाय पेरॉक्साईडमुळे डेंटीनमधील प्रथिनांच्या रचनेत काही बदल होतो आणि त्याची पारगम्यता वाढते. ग्लास आयोनोमर हे दाताला चिकटणारे सिमेंटही याला अपवाद नाही. ब्लीच केलेल्या डेंटीनवर त्याचीही पकड कमी होत असल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

बाहेरून केलेल्या ब्लीचिंगपेक्षा आतून केलेल्या ब्लीचिंगमध्ये हा प्रश्न अधिक गंभीर असतो, आणि ही बाब अनेकदा नजरेआड होते. बाहेरच्या ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साईड मुख्यतः इनॅमलवर काही मिनिटे किंवा काही तास असते. येथे मात्र ते उघड्या डेंटीनला लागून कित्येक दिवस बंद करून ठेवलेले असते, त्यामुळे डेंटीनच पेरॉक्साईडचा साठा बनते. बाँडिंगच्या आधी इनॅमलची कड बारीक डायमंड बरने (घासण्याच्या फिरत्या टोकाने) ताजी केल्यास पृष्ठभागावरचा बाधित थर निघतो आणि कडेची पकड सुधारते; मी हे नेहमी करतो. परंतु आतल्या भिंतींचा साठा त्याने जात नाही, म्हणून कड ताजी केली एवढ्यावर थांबण्याचा काळ कमी करू नये.

पुढच्या दातातील ॲक्सेस कॅव्हिटीचा, म्हणजे कॅनालपर्यंत पोचण्यासाठी कोरलेल्या पोकळीचा, आकारही येथे अडचणीचा ठरतो. तिला चोहोबाजूंनी भिंती असतात आणि मोकळी बाजू एकच असते. कॉम्पोझिट घट्ट होताना आकुंचन पावते, त्यामुळे भिंतींवर ताण येतो. चांगली पकड हा ताण सहन करते. ऑक्सिजनमुळे कमकुवत झालेली पकड एखाद्या बाजूने सुटते आणि तेथे केसाएवढी फट पडते, जी त्या दिवशी आरशात किंवा प्रोबला (तपासणीच्या टोकदार सळईला) जाणवतही नाही. तेथून लाळ आत झिरपते. रूट कॅनालमध्ये भरलेले गटापर्चा (रबरासारखे द्रव्य) आणि सीलर ही लाळ दीर्घकाळ रोखू शकत नाहीत. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वरून उघडे ठेवलेल्या भरलेल्या कॅनालांपैकी निम्म्याहून अधिक कॅनाल एका जातीच्या जिवाणूंनी १९ दिवसांत संपूर्ण लांबीभर दूषित झालेले आढळले. दुसऱ्या जातीला त्यासाठी सुमारे ४२ दिवस लागले. रूट कॅनाल कितीही काळजीपूर्वक केलेले असले तरी वरचे सील टिकले नाही तर ते धोक्यात येते. रुग्णाला मात्र हा धोका दिसत नाही. त्यांना दिसते ते एवढेच की एक-दोन वर्षांत दात पुन्हा काळवंडू लागला.

ब्लीचिंगनंतरच्या गळतीवरचे बहुतेक पुरावे प्रयोगशाळेतले आहेत: काढलेले दात, रंगाच्या द्रावणात बुडवून, कापून, रंग किती आत शिरला हे पाहणे. रंगाचे रेणू जिवाणूंपेक्षा फारच लहान असतात, म्हणून अशा प्रयोगातील गळती म्हणजे तोंडातील अपयश असे थेट म्हणता येत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. ब्लीचनंतर लगेच भरलेल्या दातांत परिणाम प्रतिकूल दिसतो, मधला काळ वाढवला की तो ओसरतो, आणि परबोरेट तीव्र पेरॉक्साईडमध्ये कालवले तर साध्या पाण्यात कालवल्यापेक्षा तो अधिक असतो. हाच एक मुद्दा मला पाण्यातील परबोरेटकडे वळवतो; एखादी बैठक वाढते, पण रंगाचा अंतिम परिणाम बहुतेक दातांत तितकाच चांगला मिळतो. युरोपीय महासंघात सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांमुळे परबोरेटवर बंधने आली आहेत, त्यामुळे तेथील सहकारी कार्बामाईड पेरॉक्साईडकडे वळले आहेत. आपल्याकडे शिकून तेथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवावे.

आता अडथळ्याच्या थराविषयी, कारण माझ्या मते सीलची खरी लढाई येथेच जिंकली किंवा हरली जाते. ब्लीच भरण्यापूर्वी गटापर्चा मुकुट आणि मुळाच्या सीमारेषेच्या दोन ते तीन मिलिमीटर खाली काढून त्यावर किमान दोन मिलिमीटर जाडीचा ग्लास आयोनोमर, शक्यतो रेझिनयुक्त, भरावा. हा थर दोन कामे करतो. तो पेरॉक्साईडला मुळाकडे आणि हिरडीच्या बाजूला जाऊ देत नाही, आणि तात्पुरते फिलिंग गळलेच तर कॅनालचे रक्षण करणारा दुसरा दरवाजा म्हणून उभा राहतो. पंधरवडा थांबण्याची मुभा आपल्याला या थरामुळेच मिळते. थर नसेल तर आपण बाँडिंग वाचवण्यासाठी थांबतो आणि त्याच काळात कॅनाल गमावण्याचा धोका पत्करतो.

थराची जाडी सर्वांना पाठ असते, आकार मात्र क्वचितच पाहिला जातो. वरच्या मधल्या दातात ही सीमारेषा सपाट नसते. शेजारच्या दातांकडील बाजूंना ती दाताच्या चावण्याच्या कडेच्या दिशेने चढते, मधल्या रेषेकडील बाजूला सुमारे साडेतीन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला सुमारे अडीच मिलिमीटर. थर सपाट भरला तर ओठाकडील बाजू झाकली जाते, पण दोन्ही शेजारच्या बाजूंचे डेंटीन सीमारेषेपर्यंत उघडे राहते आणि पेरॉक्साईडला नेमकी तीच वाट मिळते. म्हणून पेरिओडाँटल प्रोब (मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई) बाहेरून हिरडीत घालून ओठाकडे आणि दोन्ही शेजारच्या बाजूंना हिरडी दाताला कोठे चिकटली आहे ते मोजावे, दाताच्या कडेपासूनचे ते अंतर लिहून घ्यावे, आणि तेच अंतर प्रोबने आत मोजून थराची वरची कड प्रत्येक बाजूला त्याहून एक मिलिमीटर दाताच्या कडेकडे आणावी. समोरून पाहिल्यास थर मध्ये खोलगट आणि दोन्ही बाजूंना चढलेला दिसला पाहिजे. या मोजमापाला पाच मिनिटे लागतात. ती वाचवू नयेत.

या थरासाठी पुढच्या दातात एमटीए (मिनरल ट्रायऑक्साईड ॲग्रीगेट हे सिमेंट) वापरू नये. करडा एमटीए दात काळवंडतो, आणि बिस्मथ ऑक्साईड असलेला पांढराही अनेकदा रंग बदलतो. ज्या कारणासाठी ब्लीचिंग केले तेच पुन्हा उभे राहते. मुळाच्या बाहेरून होणाऱ्या झिजेचा ब्लीचिंगशी संबंध दाखवणारी प्रकरणे १९७९ साली प्रथम सविस्तर मांडली गेली; त्यांत पूर्वीचा मार, तीव्र पेरॉक्साईड आणि उष्णता हे घटक वारंवार आढळतात. सुमारे दहा टक्के दातांत इनॅमल आणि सिमेंटम (मुळावरचे आवरण) एकमेकांना भिडतच नाहीत आणि मधले डेंटीन उघडे असते. म्हणून मी उष्णता कधीच वापरत नाही, आणि मार लागलेल्या दातात ३० टक्के पेरॉक्साईडही नाही.

ब्लीचच्या बैठकांमधील तात्पुरते फिलिंग हा पुढचा कच्चा दुवा आहे. ब्लीचमधून वायू सुटतो आणि तो फिलिंगला आतून ढकलतो. रुग्ण चार दिवसांनी येतो तेव्हा टाळूकडील बाजूस कॅव्हिटची (तात्पुरत्या फिलिंगच्या द्रव्याची) कड किंचित उचललेली असते, प्रोब अडकतो, आणि आतली परबोरेटची ओली पूड पिठासारखी बाहेर येते. रंगात फरक पडलेला नसतो, कारण पेरॉक्साईड लाळेत गेलेले असते. हे टाळण्यासाठी पूड कालवल्यावर कापसाच्या बोळ्याने तिच्यातील जास्तीचा ओलावा शोषून घ्यावा. कॅव्हिटीच्या कडा ओल्या बोळ्याने पुसून पूर्णपणे स्वच्छ कराव्यात, कारण कडेवर राहिलेला एक कणसुद्धा गळतीची वाट बनतो. कॅव्हिटची जाडी किमान साडेतीन मिलिमीटर मिळेल एवढीच पूड भरावी. युजेनॉल (लवंगेच्या तेलातील घटक) असलेले कोणतेही तात्पुरते सिमेंट येथे वापरू नये. युजेनॉल रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणते, आणि पेरॉक्साईडचा अडथळा आधीच पुरेसा आहे. ब्लीचिंग सुरू करण्यापूर्वी दाताच्या बाजूंची जुनी फिलिंगेही तपासावीत. त्यांच्या कडा गळत असतील तर पेरॉक्साईड तेथून बाहेर येऊन हिरडी भाजते. अशी फिलिंगे आधी तात्पुरती बदलून घ्यावीत आणि कायमची बदलण्याचे काम, रंग जुळवण्यासह, पंधरवड्यानंतर करावे.

रंग मनासारखा झाला की ब्लीच पूर्ण धुऊन काढावे आणि पोकळीत पाण्यात कालवलेले, न घट्ट होणारे कॅल्शियम हायड्रॉक्साईड भरावे. त्याचा अल्कधर्मी गुण हिरडीजवळच्या भागातील आम्लता कमी करतो, आणि रेंगाळलेले पेरॉक्साईड ओसरायला वेळ मिळतो. त्यावर कॅव्हिटऐवजी मी ग्लास आयोनोमरच भरतो. त्याची डेंटीनवरील पकड येथे थोडी कमी असते हे वर आलेच आहे, पण दोन आठवडे चावण्याचा भार सोसण्यात ते कॅव्हिटपेक्षा बरे पडते. साध्या परबोरेटनंतर किमान दोन आठवडे आणि तीव्र पेरॉक्साईडनंतर तीन आठवडे थांबावे. या काळात रंगही स्थिरावतो. ब्लीच काढल्यावर लगेच दात अंतिम रंगापेक्षा उजळ दिसतो, आणि त्या दिवशी निवडलेली कॉम्पोझिटची शेड महिन्याभराने उघडी पडते.

आपल्या रुग्णाबाबत तर घाईचे कारणच उरत नाही, हे घरच्यांना नीट समजावून सांगता येईल. दात जो उजळायचा तो उजळला आहे, आणि कायमचे कॉम्पोझिट टाळूच्या बाजूला भरायचे आहे, जे कोणत्याही फोटोत दिसणार नाही. आज कॅल्शियम हायड्रॉक्साईड आणि त्यावर ग्लास आयोनोमर भरावे, पुढच्या दाताने कडक काही तोडू नये अशी सूचना द्यावी, आणि कॉम्पोझिटसाठी लग्नाच्या चार-पाच दिवस आधीची किंवा सोयीची वाटल्यास लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातील वेळ द्यावी. दाताचा कोपरा तुटलेला असता आणि समोरून दिसणारे कॉम्पोझिट हवे असते, तर मी एचिंग (आम्लाने पृष्ठभाग खरबरीत करणे) आणि बाँडिंग करून समारंभापुरते कॉम्पोझिट लावले असते, आणि ते नंतर बदलायचे आहे हे लेखी सांगितले असते. लॅमिनेट (दातावर चिकटवायची पातळ चकती) किंवा फायबर पोस्टसाठी (कॅनालमध्ये बसवायच्या आधाराच्या दांड्यासाठी) रेझिन सिमेंट वापरायचे असेल तर तेथेही हाच काळ पाळावा.

थांबणे खरोखर अशक्य असते अशी उदाहरणे मोजकी असतात. परदेशात राहणारा रुग्ण दोन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्या-मुंबईला येतो आणि सर्व दातांचे काम त्यातच उरकायचे असते, हा त्यातला नेहमीचा प्रकार. अशा वेळी १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेटचा (क जीवनसत्त्वाच्या सोडियम क्षाराचा) विचार करता येतो. ते ऑक्सिडेशनला उलट दिशेने खेचते आणि उरलेल्या पेरॉक्साईडला निष्प्रभ करते. प्रयोगशाळेत त्याने इनॅमल आणि डेंटीनवरील पकड बऱ्याच अंशी परत आलेली दिसते. पण ते लावून ठेवण्याचा काळ वेगवेगळ्या प्रयोगांत दहा मिनिटांपासून काही तासांपर्यंत बदलतो, आणि ब्लीच जितका काळ लावले होते त्यावर तो अवलंबून असावा असे दिसते. कित्येक दिवस ब्लीचमध्ये राहिलेल्या डेंटीनला दहा मिनिटे पुरतील असे मानणे मला धाडसाचे वाटते. द्रावण त्याच दिवशी तयार केलेले असावे. पिवळे-तपकिरी पडलेले द्रावण निकामी झालेले असते. दुकानातील क जीवनसत्त्वाची गोळी कुटून वापरू नये. तिच्यात रंग, गोडी आणणारे पदार्थ आणि बहुधा ॲस्कॉर्बिक आम्ल असते, आणि आम्ल म्हणजे सोडियम ॲस्कॉर्बेट नव्हे. अल्कोहोल किंवा ॲसिटोन असलेले बाँडिंग एजंट काही अंशी मदत करतात, परंतु त्यांच्या भरवशावर प्रतीक्षा टाळू नये.

कायमचे फिलिंग करण्याच्या दिवशी रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावावा. कॅल्शियम हायड्रॉक्साईड भिंतींवरून पूर्णपणे काढावे. अल्ट्रासोनिक टिप आणि भरपूर पाणी वापरले तरी टाळूच्या कडेखालच्या कोपऱ्यात पांढरा थर हमखास राहतो, तो भिंगातून पाहून काढावा. येथे एक चूक फार सहज होते: शेवटची धुलाई सोडियम हायपोक्लोराईटने किंवा पेरॉक्साईडने केली जाते. दोन्ही ऑक्सिडेशन करणारी द्रव्ये आहेत, आणि दोन आठवड्यांत जे कमावले ते एका मिनिटात घालवतात. शेवटची धुलाई पाण्यानेच करावी. अडथळ्याचा थर काढू नये, फक्त त्याचा पेरॉक्साईड लागलेला वरचा पृष्ठभाग बरने हलकेच खरवडून ताजा करावा. इनॅमलची कड ताजी करावी, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल सुमारे तीस सेकंद आणि डेंटीन पंधरा सेकंद एच करावे, धुवावे, आणि वाळवल्यावर कड सर्व बाजूंनी खडूसारखी पांढरी दिसते का हे पाहावे. एखाद्या ठिकाणी चमक राहिली असेल तर तेथे पुन्हा आम्ल लावावे. डेंटीन मात्र किंचित ओलसर ठेवावे. बाँडिंगचे दोन थर, हवेने नीट पातळ करून आणि द्रावक उडू देऊन. कॉम्पोझिट दोन मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या तिरक्या थरांत भरावे, म्हणजे समोरासमोरच्या भिंती एकाच वेळी खेचल्या जाणार नाहीत. खोलवर एक शेड उजळ कॉम्पोझिट घेतल्यास दाताचा रंग आतून सावरतो. प्रकाश टाळूकडून दिल्यावर ओठाकडूनही द्यावा.

फिलिंगनंतर सहा महिन्यांनी, एका वर्षाने आणि पुढे दरवर्षी एक्स-रे काढावा. मुळाच्या टोकाबरोबरच हिरडीच्या पातळीवरील मुळाच्या दोन्ही कडा पाहाव्यात, कारण बाहेरून होणारी झीज तेथे सुरू होते आणि बराच काळ दुखत नाही. टाळूकडील फिलिंगची कड कोरडी करून भिंगाखाली तपासावी. दात पुन्हा काळवंडू लागला असे रुग्णाने सांगितल्यास आधी हीच कड पाहावी: तेथे तपकिरी रेघ असेल किंवा प्रोब अडकत असेल तर काळेपणाचे कारण गळती हे आहे असे समजून जुने फिलिंग पूर्ण काढावे, अडथळ्याचा थर शाबूत आहे का ते तपासावे, कॅनाल दूषित झाल्याची शंका असेल तर रूट कॅनाल पुन्हा करावे, आणि तोपर्यंत दातात ब्लीच भरू नये.